पडद्यावरील चित्राक्षरे

जळगाव-धुळ्याकडील कोणत्याही सभागृहात आज व्याख्यान ठरले, की वक्त्याच्या आधी पडदा येतो. विद्यापीठातील परिसंवाद असो, सहकारी संस्थेची वार्षिक सभा असो, शिक्षकांचे प्रशिक्षण असो, किंवा कापूस-केळीच्या शेतकऱ्यांचा मेळावा असो. दिवे मंद होतात, भिंतीवर उजेडाचा चौकोन उमटतो आणि वक्ता एकामागून एक पाने सरकवू लागतो. या पानांना स्लाइड म्हणतात. कचेऱ्यांतून व कॉलेजांतून साऱ्या संचालाच 'पीपीटी' हे आटोपशीर नाव पडले आहे. गेल्या काही वर्षांत या पानांवर एक नवी वस्ती झाली आहे. मथळ्याच्या अलीकडे पेटलेला दिवा, मुद्द्याच्या आरंभी हिरवी बरोबरची खूण, आकड्याशेजारी वर चढणारा बाण आणि अखेरच्या पानावर आभारासाठी जोडलेले हात. मधूनमधून पिवळे वाटोळे चेहरे. कोणी हसणारे, कोणी डोळा मिचकावणारे. हीच ती इमोजी.

त्यांच्याविषयी सुशिक्षित समाजात सरळ दोन तट पडलेले दिसतात. जुन्या पिढीतील प्राध्यापकाला ही चिन्हे पोरकट वाटतात. गंभीर विषयाच्या पानावर हसरा चेहरा पाहिला, की मुलाने महत्त्वाच्या कागदावर रेघोट्या ओढून ठेवाव्यात तसे त्याला होते. तरुण शिक्षकाला, उलटपक्षी, चिन्हाविना पान ओसाड वाटते, आणि मुलांचे डोळे पडद्यावर खिळवून ठेवण्याचा तोच एक सोपा उपाय आहे असे तो मानतो. दोघांचेही म्हणणे अगदीच निराधार नाही. तथापि दोघेही चिन्हाकडे पाहतात ते केवळ नटवेपणा म्हणून; एकाला तो आवडत नाही, दुसऱ्याला आवडतो, इतकाच काय तो भेद. पडद्यावर उमटलेले चिन्ह श्रोत्याला काहीतरी सांगत असते. ते काय सांगते, ज्याला सांगते त्याला ते तसेच पोहोचते की नाही, आणि भलतेच पोहोचले तर कोणाचे काय बिघडते, हा विचार या वादात सहसा होत नाही. खानदेशात तो अवश्य व्हावयास हवा. कारण येथे एकाच पडद्यासमोर पदवीधर बसलेले असतात, त्यांच्या शेजारी केवळ सही करू शकणारे बसलेले असतात, आणि प्रमाण मराठीपेक्षा अहिराणी किंवा पावरी ज्यांच्या जिभेवर आहे असेही पुष्कळ असतात.

इमोजी हा शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. इंग्रजीतील 'इमोशन' या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य आहे, नाते मुळीच नाही. त्यामुळे मराठीत त्यासाठी वापरले जाणारे 'भावचिन्ह' हे नाव एका गैरसमजावर उभे आहे, आणि 'चित्राक्षर' हेच मुळाला धरून होते. १९९९ साली शिगेताका कुरिता या तरुणाने जपानमधील डोकोमो या दूरध्वनी कंपनीसाठी १७६ चित्राक्षरांचा संच तयार केला. प्रत्येक चित्र बारा बिंदू रुंद आणि बारा बिंदू उंच अशा इवल्याशा चौकटीत बसविलेले होते. त्यात चेहरे थोडेच होते. ऊन, पाऊस, आगगाडी, दुकान अशी रोजच्या कामाची चित्रेच अधिक होती, कारण हेतू थोड्या जागेत माहिती सांगण्याचा होता. २०१० साली युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात अशी शेकडो चिन्हे एकदम दाखल झाली आणि ती जगभरच्या यंत्रांवर पसरली. २०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने कुरितांचा तो मूळ संच आपल्या संग्रहात घेतला. तात्पर्य, जन्माने ही अक्षरे आहेत. चेहऱ्यांचा बाजार त्यांच्यात मागाहून भरला.

नभोवाणीच्या श्रोत्यांना यातील एकही चिन्ह येथून दाखविता येत नाही, हे एका अर्थी बरेच आहे. कारण चिन्ह न दाखविता त्याचा आशय एका वाक्यात सांगता येतो की नाही, ही एक उत्तम कसोटी आपोआप हाती येते. 'येथे तीन चंद्रकोरी आहेत, त्या तीन रात्रींसाठी' असे सांगता येते. तेव्हा त्या कोरी पडद्यावर शोभतील. 'येथे एक रॉकेट आहे' असे म्हणून पुढे काही सुचत नसेल, तर ते रॉकेट तेथे कशाला आले, हे वक्त्याने स्वतःलाच विचारावे.

चित्र आणि ते समजावून देणारा आवाज यांची जोडी या प्रांताला नवीन नाही. जळगाव हे अजिंठ्याला जाणाऱ्या प्रवाशांचे नेहमीचे स्टेशन. तेथून लेणी सुमारे साठ किलोमीटरवर आहेत. त्यांपैकी सतरा क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेण याच्या काळी, पाचव्या शतकात, त्याच्या एका मांडलिकाने कोरविले असे तेथील शिलालेख सांगतो. आणि हा मांडलिक ऋषिक देशाचा, म्हणजे आजच्या खानदेशाचा, अधिपती होता असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत आहे. या लेण्याच्या ओसरीत डाव्या अंगाच्या भिंतीवर एका भल्या मोठ्या चक्राचा भाग उरलेला आहे. चक्राचे घरांसारखे कप्पे पाडलेले असून त्या कप्प्यांत माणसांच्या लहान लहान आकृती आहेत. एकोणिसाव्या शतकात प्रथम पाहणाऱ्या युरोपियनांनी ते राशिचक्र ठरविले, आणि लेण्यालाही 'राशिचक्राचे लेणे' हे नाव चिकटले. पुढे त्या शतकाच्या अखेरच्या दशकात वॅडेल या अभ्यासकाने ते बौद्धांचे भवचक्र आहे हे दाखवून दिले.

या भवचक्राविषयी 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात एक फार मार्मिक विधान आलेले आहे. विहाराच्या दाराशी हे चक्र रंगवावे. त्याच्या मध्यभागी पारवा, साप आणि डुक्कर काढावे. पारवा हा रागाचा, साप हा द्वेषाचा आणि डुक्कर हे मोहाचे चिन्ह समजावे. येथे राग म्हणजे संताप नव्हे, तर आसक्ती, हे आजच्या मराठी वाचकाला मुद्दाम सांगावे लागते; शब्दांचीही चिन्हांसारखीच गत होते. पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. नुसते चित्र काढून ग्रंथकार थांबत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या ब्राह्मणांना व गृहस्थांना ते चक्र उलगडून सांगण्यासाठी दाराशी एक भिक्षू नेमावा, आणि तो समजावून देण्यास समर्थ असावा, अशी आज्ञा त्यात आहे. पारव्याचे चित्र पाहून आसक्ती कोणाच्याही मनात आपोआप येणार नाही, हे त्या लोकांना पुरते ठाऊक होते. म्हणून चिन्ह भिंतीवर आणि अर्थ माणसाच्या तोंडी अशी त्यांनी वाटणी केली. पुढे भिक्षू गेले, विहार ओस पडले, चित्र तेवढे उरले. आणि मग पाहणाऱ्याने त्याचे राशिचक्र केले.

याच प्रांतातले आणखी जुने उदाहरण चाळीसगाव तालुक्यातील पाटणे गावचे आहे. तेथील उत्खननात पुरातत्त्वज्ञ शां. आ. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची नक्षी कोरलेली आहे आणि तो सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानतात. रेघा मुद्दाम ओढल्या आहेत यात शंका नाही. त्या गणतीच्या आहेत, शोभेच्या आहेत की कसल्या खुणेच्या, हे सांगणारे मात्र आज कोणी नाही.

आता पडद्याकडे यावे. उजेडाच्या चौकोनात चित्रे दाखवून शेजारून बोलावयाचे, हा प्रकारही महाराष्ट्राने संगणकाच्या पुष्कळ आधी पाहिलेला आहे. १८९०नंतरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे माया. नाव जितके अवघड तितकाच खेळ सोपा. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली पौराणिक चित्रे दिव्यापुढे धरीत, ती भराभर बदलून आकृती हलल्याचा भास निर्माण करीत, आणि त्यांच्या जोडीला निवेदन, संवाद व गाणी चालत. तेथेही पट्टीवर मजकूर नसे. बोलणारा बोले आणि पट्टी दाखवी. १९८७ साली अमेरिकेत 'पॉवरपॉइंट' निघाले आणि त्याच वर्षी ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले; त्यानंतर काचेच्या पट्टीची जागा संगणकाच्या पानाने घेतली खरी, पण मोठा फरक पडला तो हा, की पानावर भाषण लिहून काढण्याची सोय झाली. वक्ता आपलेच भाषण भिंतीवर वाचू लागला. श्रोते त्याच्या आधी वाचून मोकळे होऊ लागले आणि मग जांभया देऊ लागले. या जांभईवरचा इलाज म्हणून चित्राक्षरे आली, हे विसरता कामा नये. रोग मजकुराच्या गर्दीचा होता. औषध म्हणून त्या गर्दीत आणखी गर्दी मिसळली.

कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांनी चित्रे व शब्द यांच्या योगाने माणूस कसा शिकतो, याचा दीर्घकाळ प्रयोगांनी अभ्यास केला आहे. त्यांचा निष्कर्ष उभय पक्षांनी ऐकण्याजोगा आहे. शब्दाबरोबर अर्थाला धरून असलेले चित्र आले तर शिकणे वाढते. परंतु केवळ मनोरंजनासाठी घातलेले, विषयाशी संबंध नसलेले चित्र आले तर ते घटते. श्रोत्याचे लक्ष ही एक ओंजळ आहे, आणि तीत मावेल तेवढेच मावते. तेव्हा कंटाळा घालविण्यासाठी पेरलेला हसरा चेहरा कंटाळा घालवीतही असेल. पण त्याबरोबर तो मुद्दाही घालवितो.

याचा अर्थ चिन्हे हद्दपार करावीत असा नव्हे. शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी जे मेळावे भरतात, तेथे पावरा, भिल्ल, तडवी अशा समाजांचे लोक असतात. त्यांच्यासमोर 'आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास उपाययोजना करावी' हे वाक्य पडद्यावर आणणे आणि न आणणे सारखेच. आता हेच पान कापसावरील गुलाबी बोंडअळीविषयी आहे असे धरावे. शेतात कामगंध सापळे लावतात; एका सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री आठ पतंग सापडले, की फवारणीचा विचार करावयाचा, अशी शिफारस आहे. वरचे जड वाक्य काढून तीन चंद्रकोरी मांडाव्यात आणि प्रत्येक कोरीखाली आठ ठिपके द्यावेत. वक्त्याने अहिराणीत किंवा पावरीत एकदाच सांगावे, की कोर म्हणजे रात्र आणि ठिपका म्हणजे पतंग. न वाचता येणारी बाईसुद्धा हे पान घरी घेऊन जाईल, कारण तिला मोजता येते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली ज्यांचे नाव देण्यात आले त्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या, एवढे आठवले तरी अक्षर न येणाऱ्याला अजाण समजण्याचा मोह आवरेल. अशा श्रोत्याला चिन्ह हवे असते. चिन्हांचा खेळ नको असतो.

येथे ठिपक्याऐवजी फुलपाखराचे चित्राक्षर घालण्याचा मोह होईल. तो टाळावा. चित्राक्षरातील फुलपाखरू निळे, ऐटदार असते. बोंडअळीचा पतंग लहान आणि मातकट. शेतकरी सापळ्यात निळे पाखरू शोधील. जेथे वस्तू ओळखणे हेच काम आहे तेथे चित्राक्षर चालत नाही, खरे छायाचित्रच लागते. बोंडअळी लागलेले फूल उमलत नाही, पाकळ्या मिटून राहतात; त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. ती दाखवावयाची तर शेतातील डोमकळीचे छायाचित्र घ्यावे. गुलाबी फुलाचे चित्राक्षर नेमके उलट सांगेल, कारण ते पुरते उमललेले असते.

खानदेशाच्या मालाची या संचात झालेली गंमत तर पाहण्याजोगी आहे. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. केळ्याचे चित्राक्षर पिवळेजर्द आहे. रावेर-यावलच्या मळ्यांतून घड कापला जातो तो हिरवा. पिकविणे पुढे, बाजारपेठेत होते. कापणीच्या वेळेविषयीच्या पानावर पिवळे केळे छापणाऱ्याने चुकीचाच सल्ला दिला असे होईल. वांग्याचे चित्राक्षर जांभळे आहे. भरिताचे वांगे हिरवट, फिकट पट्ट्यांचे आणि थोराड. शिवाय त्या जांभळ्या वांग्याला पाश्चात्य तरुणांनी एक असभ्य अर्थ चिकटविला आहे, आणि तो आता येथील कॉलेजांतही पोहोचला आहे. भरीत-पार्टीच्या निमंत्रणाचे पान सजविणाऱ्या एखाद्या प्रौढ गृहिणीला मागल्या बाकावरची खसखस का पिकली, हे कधीच कळणार नाही, आणि ते तिला सांगावे कोणी?

ही स्थानिक वस्तूंची दृष्टी पूर्वी एका थोर कलावंताने याच जिल्ह्यात दाखविली होती. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूर येथे झाले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांना बोलाविले, आणि त्यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून सारे उभे केले. खेड्यातील माणसाला जे रोज दिसते त्याच्याच रूपात अधिवेशन त्याच्यापुढे आले. चित्राक्षरांचा संच तयार मिळतो, म्हणून तो जसाच्या तसा वापरणे भाग आहे असे नाही. फळ्यावर दोन रेघांत काढलेले तिफण किंवा फणी श्रोत्याला टोकियोच्या चित्राहून लवकर बोलते.

येथवर झाली ती गैरसोय. पण चिन्हाच्या घोटाळ्यात जीवही गुंतलेला असतो, आणि त्यासाठीच हा विषय घरोघर समजला पाहिजे. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर कायद्याने एक खूण असते. १९७१च्या नियमांप्रमाणे एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असून त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी. त्याच्या वर कवटी आणि दोन हाडे, आणि विष असा शब्द. त्याखालोखाल पिवळा, तेथेही विष असा शब्द आहे, पण कवटी नाही. तिसरा निळा, धोक्याचा. चौथा हिरवा, सावधगिरीचा. या चारही पायऱ्या विषाच्याच आहेत. हिरव्या त्रिकोणाचा अर्थ 'निर्धास्त' असा कोठेही नाही.

आता प्रशिक्षणाच्या पानावर काय होते ते पाहावे. वक्ता सद्हेतूने शिफारस केलेल्या औषधांपुढे हिरवी बरोबरची खूण घालतो आणि बंद केलेल्यांपुढे तांबडी फुली. रहदारीच्या दिव्यानेही हिरव्याला 'जा' आणि तांबड्याला 'थांब' असा अर्थ देऊन ठेवलेला आहे. श्रोता घरी जातो, दुकानातून डबा आणतो, त्यावर हिरवा त्रिकोण पाहतो, आणि पडद्यावरील हिरवी खूण त्याला आठवते. निळा तर त्याला शीतळच वाटतो. मग तोंडाला फडके कशाला, हातमोजे कशाला? वक्त्याने एकही चुकीचे वाक्य उच्चारलेले नसते. चूक झाली ती दोन चिन्हांची एकमेकांत सरमिसळ झाल्यामुळे, आणि ती सरमिसळ पडद्यावरून कोणी उलगडून सांगितली नाही म्हणून.

कवटीची कथा आणखी विलक्षण आहे. डब्यावरील कवटी मरणाची खूण. परंतु आजच्या तरुणांच्या संदेशांत कवटी म्हणजे 'हसून हसून मेलो'. वडिलांना जी विषाची वाटते ती मुलाला विनोदाची वाटते, आणि शेतावर फवारणीचा पंप पुष्कळदा मुलाच्याच पाठीवर असतो. कृषी महाविद्यालयातील वर्गात कवटीचे चित्राक्षर पडद्यावर आले की हशा उठतो, तो या दुसऱ्या अर्थामुळे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती, आणि तो चिन्हांमुळे घडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु जेथे इतके पणाला लागलेले असते तेथे हास्याचा पर्यायी अर्थ असलेले चित्राक्षर वक्त्याने पडद्यावर आणूच नये. डब्यावरील खऱ्या खुणेचे मोठे छायाचित्र लावावे, त्यावर बोट ठेवावे आणि चारही रंग श्रोत्यांकडून मोठ्याने वदवून घ्यावेत. अजिंठ्याच्या दाराशी नेमावयाचा भिक्षू याहून वेगळे काय करीत असेल?

शेतकऱ्याला चिन्ह बांधूनही घालू शकते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात एका धान्यखरेदीदाराने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचे छायाचित्र पाठवून खात्री करण्यास सांगितले. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचे चित्राक्षर पाठविले. कागद मिळाला एवढेच आपण कळविले, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने २०२३ साली तो अंगठा सहीच्या तोडीचा मानला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरांची भरपाई त्याच्यावर बसविली. अंगठा उठविणे म्हणजे काय, हे आपल्या सावकारीच्या इतिहासाला निराळे सांगावयास नको.

शहरी घरांतही हा अर्थांचा गोंधळ रोजचाच आहे. आनंदाश्रूंचा चेहरा, जो २०१५ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी वर्षाचा 'शब्द' म्हणून निवडला, तो घरातील आजोबांना रडका वाटतो आणि ते तो निधनाच्या बातमीखाली ठेवून देतात. जोडलेले हात तर लग्नाच्या आमंत्रणालाही, वर्गणीच्या विनंतीलाही आणि श्रद्धांजलीलाही. जपानात ते आर्जवाचे किंवा आभाराचे, युरोप-अमेरिकेत प्रार्थनेचे, आपल्याकडे नमस्काराचे. नमस्काराला आपल्याकडे संदर्भ पुरवितो तो समोरचा माणूस. पडद्यावर तो संदर्भ वक्त्याच्या आवाजानेच पुरवावा लागतो.

मग पाने तयार करणाराने व्यवहारात काय करावे? सर्वांत आधी मजकूर कमी करावा. पुष्कळदा तेवढ्यानेच चिन्हाची गरज संपते. जी चिन्हे उरतील त्यांचा अर्थ पहिल्याच पानावर तोंडाने सांगून टाकावा आणि अखेरपर्यंत तो बदलू नये. तिसऱ्या पानावर पेटलेला दिवा म्हणजे नवी कल्पना आणि नवव्या पानावर तोच दिवा म्हणजे वीजबिल, असे झाले की श्रोता चिन्हांकडे पाहणे सोडून देतो. मृत्यू, रोग, कर्ज, नापासांची संख्या अशा पानांवर चेहरे मुळीच नसावेत. लहान मुलांच्या वर्गाला ही कडक शिस्त लावण्याचे कारण नाही. तेथे प्रश्नाच्या पानावर विचारमग्न चेहरा आणि उत्तराच्या पानावर हसरा चेहरा नेमाने आला, तर मुले त्याची वाट पाहतात, आणि ती वाट पाहणे हीच शिकण्याची अर्धी तयारी असते. अंध श्रोत्याला पाने आधी पाठवावयाची असतील तर आणखी एक ध्यानात असावे. त्याचे यंत्र मजकुराप्रमाणे चिन्हाचे नावही मोठ्याने वाचते. एका ओळीत पाच टाळ्या घातल्या तर त्याला पाच वेळा टाळ्या ऐकाव्या लागतात, आणि मुद्दा त्यानंतर.

शिवाय चिन्ह सर्व यंत्रांवर एकसारखे दिसत नाही. युनिकोड केवळ क्रमांक आणि नाव ठरविते; चित्र ज्या त्या कंपनीचे असते. २०१६ साली अ‍ॅपलने पिस्तुलाच्या जागी पाण्याची खेळण्यातील पिचकारी काढली. इतर बड्या कंपन्यांनी तो बदल २०१८च्या सुमारास केला. मधल्या काळात एकाने गमतीने पाठविलेली पिचकारी दुसऱ्याच्या पडद्यावर पिस्तूल होऊन उतरत असे. पणती, ऑटोरिक्षा, साडी ही आपल्या ओळखीची चिन्हे २०१९च्या संचात आली. ज्या जुन्या संगणकाला तो संच ठाऊक नाही तेथे त्यांच्या जागी नुसता रिकामा चौकोन उमटतो. जळगावात नव्या यंत्रावर हौसेने सजविलेली पाने तालुक्याच्या गावी शाळेतल्या जुन्या यंत्रावर उघडली, की दिवाळीच्या पणत्यांची रांग अशी चौकोनांची रांग होते, आणि पडद्यासमोर बसलेली मुले विचारतात, की गुरुजी, या खिडक्या कसल्या? म्हणून सभेच्या आधी अर्धा तास तेथील यंत्रावरच सारी पाने एकदा उघडून पाहावीत, शेवटच्या रांगेत जाऊन बसावे, आणि जे चिन्ह तेथून ओळखू येत नाही ते काढून त्या जागी साधा शब्द लिहावा.